जबाबात लिहिलेलं पाणी

धारूर, २१ एप्रिल २०२५

अंगद,

आधी हे पत्र उघडून वाचणाऱ्या जेलातल्या साहेबांना नमस्कार. साहेब, आमी मेंढरंवाली माणसं. कागदात लपवून पाठवावं असं आमच्याकडं काही न्हाई. वाचा आणि माझ्या भावाला द्या. मधीच ठेवून घेतलं तर मला कळतं, कसं ते सांगणार न्हाई.

तर अंगद, दोनदा मी एसटीनं बीडला आले आणि दोनदा तू मुलाखतीला आला न्हाईस. पहिल्या बारीला वाटलं, शिपायानं तुझं नाव नीट पुकारलंच नसंल. दुसऱ्या बारीला मी त्याच्यापुढं ठाण मांडून उभी राहिले. तो म्हणला, "बाई, तुमचा भाऊच न्हाई म्हणतो." हे तुला कोणी शिकवलं? पाटोद्याहून तुझ्या बायकोचा निरोप आलता का तुझ्या गाडीमालकानं, राधाकिशनरावानं माणूस पाठवलता? सख्ख्या बहिणीला तोंड दाखवायचं न्हाई, हे तुझ्या डोक्यातून निघालेलं न्हाई. तुझं डोकं मला ठाऊक हाय.

वकील रामप्रसाद म्हणतेत, तुला त्या सकाळचं काहीच आठवत न्हाई. मग मी सांगते, ध्यानात ठेव. डिसेंबरची आठ तारीख. आदल्या दिवशी तुझ्या लेकीचं जावळ झालं, दुपारीच जेवणं उरकली. पिणारे प्याले, तू पाण्याचे जग फिरवत होतास, मी डोळ्यानं बगितलंय. सकाळी आमी मेंढरं घेऊन घाटानं निघालो, राधाकिशनरावाच्या खालच्या रानात बसवायला. लेंडीखताच्या बदल्यात ज्वारी, दरसालचं ठरलेलं. आबा म्होरं, मी घोड्याला धरून माघं. बिऱ्हाड, मेंढरं कोंडायच्या वाघरीच्या जाळ्या आणि चार दिवसाची कोकरं राधाकिशनरावाच्या पिकअपमधी, आणि गाडीवर तू. वळणावर मेंढरं रस्ताभर पसरलेली. तू माघून आलास, मेंढरं वाचवायला उजवीकडं ओढलीस आणि समोरून दूधवाला भागवत मोटरसायकलवर वर चढत होता. तो जागच्या जागी गेला. तुझं कपाळ काचेवर आदळलं. मी तुला खाली बसवलं, पाणी पाजलं. तसंच पोलिसाला जबाबात लिहून दिलंय, पाणी पाजलं म्हणून.

आता रक्ताचा कागद आलाय. शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमपर्यंत कायदा काही म्हणत न्हाई. तुझ्यात चोपन्न निघाली. अंगद, तू प्याला नव्हतास. मग चोपन्न आली कुठून? दवाखान्यात रक्त काढणारा तो चष्मेवाला राधाकिशनरावाचा भाचा हाय. एवढंच लिहिते. वाचणाऱ्या साहेबांनी पण ध्यानात घ्यावं.

कडूअक्का

*

धारूर, ५ मे २०२५

अंगद,

तुझं उत्तर न्हाई. टपालवाल्याला इचारलं तर म्हणतो, माझ्या हातात काय हाय. त्याचापण मला भरवसा न्हाई, पण त्याचं पुढं बघू.

वकिलानं मला कायदा समजून सांगितला. मी सातवी शिकले म्हणून मला समजतं असं त्यांना वाटतं. तीनदा इचारल्यावर समजलं. पिऊन गाडी चालवताना पहिल्यांदा सापडला तर सहा महिने न्हाईतर दहा हजार, न्हाईतर दोन्ही. ती पहिली बारी तुझी परळीला झालीय. तीन वर्षांमागं टेंपो चालवताना सापडलास, दहा हजार भरलेस, लायसन सहा महिने गेलं. त्याच्यानंतरच तू बिरोबापुढं भंडारा उचललास, परत थेंब घेणार न्हाई म्हणून. आता दुसऱ्यांदा म्हणजे दोन वर्षं न्हाईतर पंधरा हजार. पण ते म्हणले, "कडूबाई, ही बारकी गोष्ट हाय. मोठी गोष्ट कलमाची हाय." नुसती बेफिकिरीनं गाडी चालवली आणि माणूस मेला, तर पाच वर्षांपर्यंत शिक्षा आणि जामीन मिळतो. पिऊन चालवली म्हणल्यावर पोलिसांनी वरचं कलम लावलंय, एकशे पाच. माणूस मरंल हे ठाऊक असून चालवली, असा त्याचा अर्थ. त्याला दहा वर्षांपर्यंत आणि जामीन न्हाई. म्हणजे सगळं त्या चोपन्नावर येऊन बसलंय. तुझी पोरगी शाळेत जाऊन पाचवीला येईल तरी तू आतच.

म्हणून मी राधाकिशनरावाकडं गेलते. ओसरीवर बसले. चहा आला, मी घेतला न्हाई.

ते म्हणले, "कडूबाई, रक्त काढणारा माझा भाचा हाय म्हणून तू गावभर सांगत फिरती म्हणं?"

मी म्हणलं, "भाचा न्हाई का?"

"भाचा हाय. पण बांधावरून आमचं बोलणं बंद हाय, त्याला दोन वर्षं झाली. माझ्या लेकीच्या, राजनंदिनीच्या लग्नाला पण आला न्हाई तो. तो माझ्यासाठी बाटली बदलील?"

"मग कोणी बदलली?"

"बदलून मला काय मिळणार? ड्रायव्हर पिलेला निघाला की इन्शुरन्सवाले त्या दूधवाल्याच्या बायकोला भरपाई देतेत आणि माझ्याकडून वसूल करतेत. माझी गाडी ठाण्यात सडायली. अंगद शुद्धीत होता असं निघावं, हे तुझ्यापेक्षा मला जास्त पाहिजे."

बोलणं पटण्यासारखं होतं. तिथंच मला वहीम आला. एवढं पटणारं बोलणं माणूस आधी घोकून ठेवल्याशिवाय बोलत न्हाई. मी उठताना म्हणलं, "आणि माझ्या भावाला गुन्हा कबूल करायला कोण सांगायलंय?" मी आपलं अंधारात धोंडा मारला होता. ते माझ्या तोंडाकडं बघत राहिले. म्हणले, "मी न्हाई सांगितलं. त्यानंच वकिलाला सांगितलंय. सोळा जूनला तारीख हाय, जजसाहेबांनी इचारलं की कबूल म्हणणार हाय. तुला ठाऊक न्हाई?"

मला ठाऊक न्हाई. जगाला ठाऊक हाय, बहिणीला न्हाई. अंगद, जे केलंच न्हाई ते कबूल कावून करतोस? कोण धमकावतंय तुला? आत कोणी मारतंय का? साहेब, तुमीच सांगा, मारतेत का?

कडूअक्का

*

पाटोदा, १९ मे २०२५

अंगद,

तुझ्या सासरच्या ओट्यावर बसून लिहितेय. ऋतुजा आत स्वयंपाक करायली. मला जेवून जा म्हणली, पण माझ्याकडं बघून म्हणली न्हाई.

मी तिच्यावर लई राग घेऊन आलते. नवरा जेलात गेल्यावर आठ दिवसात माहेरी जाऊन बसणारी बाई, तिच्या पोटात काहीतरी असणार, असं मी पाच महिने आबाला सांगत होते. एखादा मामेभाऊ, एखादी जमीन, काहीतरी. दारातच मी तिला म्हणलं, "तू त्याला कबूल कर म्हणून लिहिलंस ना?"

ती आत गेली. ट्रंकेतून तुझं पत्र काढून माझ्या हातात दिलं. म्हणजे तू तिला लिहितोस. मला न्हाई.

मी वाचलं. ऋतुजानं वाचू दिलं म्हणून वाचलं, चोरून न्हाई. तू लिहिलंस, मला त्या सकाळचं काही आठवत न्हाई, गाडी न्हाई, मेंढरं न्हाई, तो माणूस न्हाई. फक्त तोंडात दारूची चव होती, ती आठवती. जिभेवर आणि घशात जळजळ. ती चव खोटी कशी म्हणू? म्हणजे जावळाच्या दिवशी न्हाईतर पहाटं उठून मी प्यालोच असणार. बिरोबापुढचा शब्द मोडला, एका माणसाचा जीव घेतला. पोरीला माझं नाव सांगू नको. आबाला आणि अक्काला तोंड दाखवायची माझी लायकी न्हाई.

ऋतुजा म्हणली, "वन्सं, तुमी सारखं म्हणता ते प्याले नव्हते. पण त्यांनाच चव आठवती, मग मी कोणाचं खरं मानू? आधी पीत होते तेव्हा पण मी राहिलेच की. पण देवापुढं शब्द दिल्यावर माझ्या लेकीच्या जावळाला प्याले, हे मला सहन होत न्हाई."

मी पत्राची घडी घालून तिच्या हातात परत दिली. अंगद, डोक्याला मार लागल्यावर माणसाला काही पण चव येती. रक्ताची चव पण तशीच असती. तू वकिलाला चवीचं सांगू नकोस. कोणालाच सांगू नकोस. तुला चुकीचं आठवत असंल.

भाकरी झाली वाटतं. बोलवायली.

कडूअक्का

*

धारूर, ३ जून २०२५

अंगद,

चार वेळा हे पत्र लिहून फाडलं. आजचं फाडणार न्हाई, कारण आबानं मला सोडलं न्हाई.

काल एक गाभण मेंढी गारठली. अवकाळी पावसात दुपारभर भिजली होती, पाय ताणून पडली. आबा म्हणले, "औषध आण." औषध म्हणजे आपलं औषध, तुला ठाऊक हाय. घोड्याच्या पडशीत फडक्यात गुंडाळलेली देशीची बाटली. आबानं जन्मात थेंब घेतला न्हाई, पण त्या बाटलीशिवाय मेंढरं कधी हलवली न्हाईत. मेंढरू गारठलं की दोन झाकणं, घोडं थरथरलं की अर्धा पेला. लहानपणी मी विहिरीत पडले, मला वर काढलं तर दातावर दात वाजत होते, तेव्हा आबानं मलापण त्यातलंच पाजलं होतं. आपल्याकडं त्याला कोणी दारू म्हणत न्हाई.

मी बाटली आणली. आबानं मेंढीच्या तोंडात झाकण ओतलं आणि बाटली उजेडाला धरली. म्हणले, "दिवाळीला भरून आणलेली. त्याच्यानंतर एकच कोकरू गारठलं. मग ही एवढी खाली कशी?"

मी म्हणलं, "सांडली असंल."

"डिसेंबरपासून मी बघायलोय," आबा म्हणले. "आज सांगशील, उद्या सांगशील म्हणून गप बसलो. सगळ्या जगावर वहीम घेती तू. राधाकिशन झाला, त्याचा भाचा झाला, ऋतुजा झाली, टपालवाला झाला. माझी बाटली तेवढी इचारायची राहिली."

अंगद, मी पाजली. पाणी न्हाई. तीच.

तू रस्त्याच्या कडंला बसला होतास. कपाळातून रक्त, डोळे फिरलेले, अंग कापत होतं, मला ओळखत नव्हतास. मी घोड्याकडं पळाले, पडशीत हात घातला, हाताला बाटली लागली, पेला लागला. अर्धा पेला ओतला आणि दोन घोटात तुझ्या घशात घातला. माझ्या मनात दारू आली न्हाई, भंडारा आला न्हाई, पोलीस आला न्हाई. कापणाऱ्या जिवाला आपण जे पाजतो तेच पाजलं. तू खोकलास आणि मान टाकलीस. दीड तासानं त्यांनी तुझं रक्त काढलं. चोपन्न माझी हायत, अंगद. तुझ्या जिभेवर जी चव राहिली ती माझ्या हातची हाय.

पोलिसानं इचारलं, काही पाजलं का. तवर ऊसतोडीच्या ट्रॅक्टरवालं माणूस तुझ्या तोंडाचा वास घेऊन म्हणलं होतं, पिलाय बे हा. मी घाबरले. म्हणलं पाणी पाजलं. मग रक्ताचा कागद यायला चार महिने लागले. मी रोज स्वतःला सांगत होते की तेवढ्यानं काय होतंय, काही निघणार न्हाई. निघालं, तर कोणी दुसऱ्यानं केलंय असं मला वाटायला पाहिजे होतं. मग तसं वाटायला लागलं. खरंच वाटत होतं. त्या भाच्याचा चष्मा बगितला तरी मला राग यायचा.

पण एवढ्यासाठीच मी गप राहिले न्हाई. बाटलीचं सांगायला मला लाज न्हाई, मेंढरामागं फिरणाऱ्या कोणालाही इचारा. खरं कारण दुसरं हाय. ते कोर्टात सांगावं लागंल, म्हणून आधी तुला सांगते.

भागवत जागच्या जागी गेला न्हाई. ते मी खोटं लिहिलं. तो रस्त्याकडंच्या चारीत पडला होता आणि बोलत होता. पाणी मागत होता. घोड्याच्या पाठीवर पाच लिटरचा कॅन भरलेला होता, पडशीच्या बाजूलाच. मी पडशीत हात घातला तेव्हा माझं कोपर त्या कॅनाला लागलं. मी तुझ्याकडं गेले. मला वाटलं, आधी माझा. तुला पाजून त्याच्याकडं वळले, तर तो गप झाला होता.

आणि जबाबात मी काय लिहून दिलं? पाणी पाजलं. जे त्यानं मागितलं आणि मी दिलं न्हाई, तेच मी कागदावर पाजलं. आता त्याची बायको रुक्मिणीबाई प्रत्येक तारखेला पहिल्या बाकावर येऊन बसती. बाटलीचं सांगायचं म्हणजे तिच्यासमोर हे सांगायचं. त्या बाकाच्या भीतीनं मी तुला सहा महिने आत ठेवलं, अंगद. तू भेटायचं न्हाई म्हणालास तेव्हा वरवर मला वाईट वाटत होतं. आत कुठंतरी बरं पण वाटत होतं.

साहेब, हे पत्र नीट वाचा. पाहिजे तर नक्कल काढून ठेवा.

कडू

*

धारूर, ११ जून २०२५

अंगद,

तारखेला पाच दिवस राहिले म्हणून हे पत्र टपालानं पाठवत न्हाई. वकील उद्या तुला भेटायला येतेत, त्यांच्या हातात देतेय. त्यांच्यावर पण मला भरवसा नव्हता. आता माझ्या भरवशाला कोण इचारतंय?

त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणले, "कडूबाई, आधी कावून बोलला न्हाईत?" मी कारण सांगितलं. मग म्हणले, सरकारी वकील म्हणणार, भावाला सोडवायला बहीण गोष्ट रचायली. म्हणून बाटली, पेला, आबाचा जबाब, सगळं लागंल. जावळाला जेवलेली चार माणसं लागतील. आधी खोटा जबाब दिला म्हणून माझ्यावर पण केस होऊ शकती. मी म्हणलं, होऊ द्या. कोर्टानं मानलं तर एकशे पाच टिकणार न्हाई, जामिनाचा अर्ज करता येईल. पण नीट ऐक. वळणावर तू उजवीकडं गेलास, समोरचं दिसत नसताना गेलास आणि माणूस मेला. ते बेफिकिरीचं कलम राहील आणि ते तुला भोगावं लागंल. ते माझ्याच्यानं पुसता येत न्हाई आणि पुसू पण नये. तुझं होतं ते तुझ्याकडं राहू दे, माझं मला दे.

राधाकिशनरावाच्या भाच्याकडं गेले आणि माफी मागितली. त्याला मी त्याच्याबद्दल काय काय बोलले ते ठाऊकच नव्हतं. मग सगळं सांगावं लागलं. ऋतुजाला फोन केला. तिनं मला दोनदा सगळं सांगायला लावलं. मग म्हणली, "म्हणजे त्यांनी शब्द मोडला न्हाई." आणि फोन तसाच हातात धरून रडायली. सोळा तारखेला पोरीला घेऊन कोर्टात येणार हाय.

सगळ्यात शेवटी रुक्मिणीबाईकडं गेले. तिनं कोर्टात पहिल्यांदा ऐकू नये असं मला वाटलं. तिला मी कोण ते ठाऊक होतं, तरी आत बोलावलं, पाण्याचा तांब्या पुढं ठेवला. मी तांब्याला हात लावला न्हाई. बसल्या बसल्या सगळं सांगितलं. बाटली, पेला, कॅन, चारी. ती ज्वारी निवडत होती, निवडायची थांबली न्हाई. ओरडली न्हाई, शिव्या दिल्या न्हाईत. दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

मग तिनं एकच इचारलं, "बाई, त्यांनी पाणी कितीदा मागितलं?"

मी म्हणलं, "एकदा."

तिनं मान हलवली. म्हणली, "मग लई तडफडले नसतील." आणि परत सुपात बघायला लागली.

अंगद, तिथंपण मी खोटं बोलले. तिच्या भल्यासाठी बोलले असं घरी येईपर्यंत स्वतःला सांगितलं. मग कळलं, मी आपलीच कातडी वाचवली. सोळा तारखेला जजसाहेबांनी तुला इचारलं, की तू फक्त म्हण, कबूल न्हाई. पुढं साक्षीला माझा पुकारा होईल तेव्हा तिच्यासमोर उभी राहून खरं सांगीन. त्यानं चारदा मागितलं. चौथ्यांदा मला अक्का म्हणून मागितलं.

कडूअक्का